लख्ख घासलेला डबा

संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला की ओट्यावर पोरं रांग लावतात. प्रत्येकाच्या हातात एक डबा, आणि डबा खरकटा. गिरणीकाकू चौरंगावर बसतात, एकेक झाकण उघडतात, नाक आत खुपसतात आणि कडेला चिकटलेलं शीत नखाने खरवडून बघतात.

"काय होतं?"

"भात."

"नुसताच?"

"पातळ भाजी होती."

"पोटभर?"

पोर मान हलवतं. मान हलवायला जरा उशीर झाला तर काकू त्याच्या पोटावर हात ठेवतात. मग सगळे डबे स्वतः नळाखाली घेऊन बसतात आणि राखेने घासतात. एखाद्या पोराने उत्साहाच्या भरात घरीच डबा घासून आणला तर त्याची खैर नाही. मागे एका नव्या पोरीने असा चकचकीत डबा आणला, तर काकूंनी तो भिंतीवर फेकून मारला. पोरगी रडायला लागली. मग काकूच तिला जवळ घेऊन तिच्यापेक्षा मोठ्याने रडल्या. गावात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, बाईचा एखादा खिळा ढिला आहे.

माझं दुकान गिरणीच्या समोर. सायकली, पंप, स्टोव्ह, जे बिघडेल ते मी दुरुस्त करतो. काकू मला 'पंक्चर' म्हणतात, त्यामुळे अख्खं गाव तेच म्हणतं, आणि माझं खरं नाव आता मलाही कोणी हाक मारली तर पटकन लक्षात येत नाही. मी एकटा माणूस. मला बायको नाही, चूलही नावापुरतीच. तेव्हा पोरक्या पोरांना घरोघरून जेवण द्यायच्या पाळीत मला कोणी धरलंच नव्हतं. "तुझ्या हातचं खाऊन जगणारी पोरंही मेली असती," हे काकूंचं मत. म्हणजे मला कोणाला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी मी करतो, कारण समोर बसून सगळं बघितलंय ते मी.

काकूंचा नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, गिरणी आता विकली जाणार. काकूंनी दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधलं आणि पट्टा चढवला. दगडाला टाकी लावायची तीही स्वतः, छिन्नी-हातोडा घेऊन, डोळे बारीक करून. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे कानाने कमी ऐकू येतं आणि त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. एकदा तोंडाचा पट्टा सुटला की गिरणीचा पट्टा बरा वाटावा, अशी गत. पण मनात काही ठेवणार नाहीत, आणि दळणात मूठभर पीठही कोणाचं मारणार नाहीत.

आता त्या तीन पोरांची गोष्ट.

गिरणीच्या मागच्या गल्लीत एक विणकर राहायचा. आधी तो खोकून खोकून गेला, मग वर्ष उलटायच्या आत बायकोही त्याच आजाराने गेली. मागे राहिली थोरली, मधला आणि धाकटी. थोरली म्हणजे तरी केवढी, माझ्या कमरेच्या वर जेमतेम. धाकटीला सगळे भुंगी म्हणायचे, कारण ती सारखी गुणगुणायची. खाताना, खेळताना, झोपेतसुद्धा. गिरणी सुरू झाली की पट्ट्याच्या आवाजात आवाज मिसळत ती ओट्यावर येऊन बसायची, आणि काकू ओरडायच्या, "पंक्चर, बघ रे, माझ्या गिरणीला पिल्लू झालंय."

आई गेल्यावर पोरांचा मामा आला. थोरली कामाला उपयोगी पडेल म्हणून तो तिला घेऊन जायला तयार होता. बाकीच्या दोघांचं काय, तर म्हणे बघू. मोठ्या गावच्या ऑफिसातल्या बाईही आल्या. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचंही गणित सरळ होतं: मुलींचा आश्रम एका गावाला, मुलग्यांचा दुसऱ्या गावाला, आणि एवढ्या लहान पोरीची सोय तिसरीकडे. ओट्यावर ही बोलणी चालली होती आणि पोरं आत पोत्यांच्या मागे बसून ऐकत होती. थोरलीने दोघांचे हात असे धरले होते, की सोडवायला गेलं असतं तर बोटं मोडावी लागली असती.

काकू बाहेर आल्या. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या.

"वाटून घ्यायला ही काय भांडी आहेत?" त्या म्हणाल्या. "पोरं त्यांच्या घरात राहतील. एकत्र राहतील. गाव जेवण देईल."

"गाव म्हणजे नक्की कोण?" ऑफिसातल्या बाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

त्यावर काकूंनी तिथल्या तिथे जी व्यवस्था लावली तिचं मला आजही कौतुक वाटतं. एक मोठा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. त्याला कडी मी बसवून दिली. सकाळी ज्याच्या पायरीवर डबा दिसेल त्याची त्या दिवशी पाळी. आधी डबा भरायचा, मग घरच्यांची ताटं वाढायची. दुपारी थोरली येऊन डबा घेऊन जाणार, दोन वेळचं त्यातच भागणार, आणि संध्याकाळी तो घासून पुढच्या घराच्या पायरीवर ठेवणार. कागद नको, सही नको, आठवण करून द्यायला नको. डबा आपला घरोघर फिरत राहील.

"आणि एक," काकू थोरलीकडे वळून म्हणाल्या, "डबा लख्ख घासून गेला पाहिजे. तुम्ही पोरकी आहात, भिकारी नाही. शिळं खरकटं घेऊन कोणाच्या दारात जायचं नाही. आणि तक्रार करायची नाही. कोणाचं मीठ कमी, कोणाचा भात कच्चा, हे बोलायचं नाही. तक्रार सुरू झाली की लोक दारं लावून घेतात, कळलं?"

थोरलीने मान हलवली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, बघू या. पण पोरं उपाशी राहतात असं कळलं, तर मला त्यांना न्यावंच लागेल." हेही थोरलीने ऐकलं. तिघांचं एकत्र राहणं आता त्या डब्यावर आहे, एवढं तिला पक्कं समजलं.

पहिले महिने तर नुसती चढाओढ होती. एकीने वाटीभर जास्त घातलं की दुसरी फळ घालायची. थोरलीच्या डबा घासण्याची गावभर वाहवा झाली. "काय घासते पोरगी, तोंड दिसतं त्यात," असं बायका नळावर बोलायच्या, आणि आपापल्या लेकींना टोमणे मारायच्या. ऑफिसातल्या बाई पुन्हा आल्या तेव्हा काकूंनी त्यांना तो डबाच दाखवला. बाईंनी त्यात बघून केस सारखे केले आणि हसल्या. इतर गावांनाही हे सांगायला हवं, म्हणाल्या. काकू त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या.

मग ओढगस्तीचे महिने आले. आदलं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात उभं. हे काही नवीन नव्हतं, पण त्या वर्षी जरा लांबलं. गिरणीवर दळणं कमी झाली. जी यायची ती पोत्याच्या तळाशी, मूठ दोन मूठ. काकू मला म्हणायच्या, "पंक्चर, आज पट्टा चढवायचा तरी कशाला? याला दळण म्हणायचं का हे? चिमण्यांना टाकावं एवढं." कोणाच्या घरात किती दाणे उरलेत हे गावात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण डबा तर रोज फिरत होता, रोज लख्ख होऊन पुढच्या पायरीवर बसत होता. एवढ्या कडक दिवसांत गाव पोरांना विसरलं नाही, याचा त्यांना अभिमान वाटायचा. पोत्याचा तळ एका डोळ्याला दिसत होता, डबा दुसऱ्याला, आणि दोन्ही डोळे एकत्र करून त्यांनी कधी बघितलं नाही.

खरं काय होत होतं ते असं. एखाद्या घरात सकाळी पायरीवर डबा दिसायचा आणि चुलीवर ठेवायला काही नसायचं. नाही म्हणायला तोंड कुठलं? मग ती बाई डबा आत न्यायची, जरा वेळाने झाकण घट्ट लावून पुन्हा पायरीवर ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. एका दिवसाने काय होतंय, उद्या पुढचं घर आहेच. असं तिला वाटायचं, पुढच्या घरालाही तसंच वाटायचं. थोरली यायची, डबा उचलायची. वजनावरून कळतच असणार तिला. ती दारावर थाप न मारता डबा घरी न्यायची, भावंडांना काहीतरी पाला उकळून द्यायची आणि मग तो रिकामा डबा राखेने घासायला बसायची. ज्यात काही नव्हतंच, तो डबा! संध्याकाळी चकचकीत डबा हसत हसत पुढच्या घरी. त्या घरची बाई त्याच्याकडे बघून समजायची, की काल पोरं जेवली.

एवढं एकच पोरगं गावात होतं ज्याला सगळं ठाऊक होतं, आणि ते मूग गिळून गप्प होतं. बोललं की तिघं तीन गावांना.

भुंगी गिरणीत यायची ते मात्र वाढलं होतं. दळण नसलं तरी यायची. दगडाभोवती साठलेल्या पिठात बोट बुडवायची आणि चाटायची. काकू बघायच्या आणि हसून ओरडायच्या, "अगं ए पिल्ला, कच्चं पीठ खाऊ नकोस, पोट दुखेल!" भुंगी बोट पाठीमागे लपवायची. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण गिरणीत सगळेच पांढरे दिसतात.

त्याच दिवसांत गिरणीचा दगड तडकला. नवा आणायला परगावी जायचं ठरलं. भाड्याची गाडी सांगितली आणि दगड पारखायला काकूंबरोबर मी निघालो. पहाटे अंधार होता. तडकलेला दगड बदल्यात द्यायचा होता, तो आम्ही लोटत लोटत ओट्यावरून काढला. काकू घाईत. ओट्यावर जे काही वाटेत होतं ते हाताने बाजूला सारत होत्या आणि मला शिव्या घालत होत्या. काकूंची सूनबाई मागच्या घरात झोपलेली होती, तिला उठवलं नाही. घराचं दार मागच्या बाजूला आहे आणि गिरणी उघडायची नसेल तेव्हा तिचं पुढे काही कामच नसतं.

सबंध वाटभर काकू डब्याबद्दल बोलत होत्या. गाडीवानाला सांगितलं, दगडवाल्याला सांगितलं, जेवायला थांबलो तिथल्या बाईला सांगितलं. "माणसं वाईट नसतात हो, त्यांना फक्त रीत लावून द्यावी लागते." दगडवाल्याच्या शेजारी खेळणी विकणारा होता. भुंगीसाठी त्यांनी एक पत्र्याची शिट्टी घेतली. परत येताना दर थोड्या वेळाने ती वाजवून बघत होत्या, बैल बिचकत होते आणि गाडीवान कपाळावर हात मारत होता.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गावात शिरलो तर मधला ओट्यावर उभा. "काकू, भुंगी गुणगुणत नाही," तो म्हणाला.

त्याच गाडीत तिला घातलं, बरोबर थोरलीला घेतलं. दगडसुद्धा उतरवला नाही. मोठ्या गावच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिचा सदरा वर केला आणि ते आमच्याकडे असे बघायला लागले, की मी नजर फिरवली. फासळ्या मोजता आल्या असत्या, मी मोजल्या नाहीत.

"किती दिवस जेवली नाही ही?"

"रोज डबा जातो!" काकू ओरडल्या. "विचारा कोणालाही! रोज!"

डॉक्टर थोरलीकडे वळले. तेव्हा कुठे आम्ही सगळ्यांनी थोरलीकडेही नीट बघितलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "कधी कधी रिकामा असायचा."

"कोणाचा?" काकूंनी तिचे खांदे धरले. "कोणाच्या घरचा? नाव सांग एकेकीचं. सांग!"

थोरलीने तोंड उघडलं नाही. तक्रार करायची नाही, हे तिला सांगितलेलं होतं.

भुंगी दुसऱ्या दिवशी गेली. शिट्टी काकूंच्या मुठीतच राहिली. तिला पोचवून आम्ही परत आलो तेव्हा गावातलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

काकूंनी गिरणीसमोर गाव जमवलं. "ज्यांनी डबा रिकामा पाठवला त्यांनी हात वर करा. मी काही करणार नाही. फक्त हात वर करा." कोणाचाही हात वर झाला नाही. सगळ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आमचा नव्हता हो, असं हळूहळू कुजबुजत सगळ्याच म्हणायला लागल्या. पाळीत गिरणीच्या नंतरचं घर सुताराचं. त्याची बायको तेवढी एक शब्दही बोलली नाही. खाली मान घालून उभी होती आणि अश्रू गाळत होती. काकूंनी ते बघितलं.

"जिच्या मनात पाप असतं ती अशीच गप्प बसते," काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या. सुतारणीने वर पाहिलं, काकूंच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, आणि ती घरी निघून गेली.

ऑफिसातल्या बाई आल्या. या वेळी त्यांच्याशी वाद घालायला काकूंकडे काही नव्हतं. थोरली एका गाडीत, मधला दुसऱ्या गाडीत. मधला गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून बघत होता. काही वर्षांनी तो आश्रमातून पळाला, एवढं आम्हाला कळलं. पुढे काही नाही. जाण्याआधी थोरलीने डबा घासला आणि गिरणीच्या ओट्यावर उपडा घालून ठेवला.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. गावात आणखी पोरकी पोरं झाली, होतातच. काकूंनी डबा बंद केला नाही. लोकांना वाटलं करतील. उलट, डबे वाढवले, फक्त रीत उलटी केली. घासलेला डबा चालणार नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांनी खरकटा डबा गिरणीवर आणायचा. ज्या घरात खरंच काही नसेल त्यांनी सकाळीच येऊन तसं सांगायचं, लाजायचं नाही, त्या दिवशी काकू भरतील. तेव्हापासून एकही पोर उपाशी झोपलेलं नाही, हे मी समोर बसून छातीठोक सांगतो.

आणि दुसरी गोष्ट केली ती अशी, की सुतारणीचं दळण घेणं बंद केलं. तिने पोतं ओट्यावर ठेवलं की काकू ते उचलून रस्त्यावर ठेवायच्या. मी एकदा मध्ये पडलो. "काकू, तिनेच केलं कशावरून?" तर मला म्हणाल्या, "तू पंप दुरुस्त कर." सुतारीण दर आठवड्याला पोतं डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावी दळायला जाऊ लागली. टेकडी चढून जायची, टेकडी उतरून यायची. केस पांढरे झाले तिचे त्या रस्त्यावर. गावाने बघितलं आणि कानाडोळा केला. खरं तर गावाला ते सोयीचंच होतं. कोणीतरी एक दोषी ठरली की बाकीच्यांना बरी झोप लागते. मला चीड आहे ती याची.

मागच्या महिन्यात भर दुपारी एक तरुण बाई माझ्या दुकानाशी आली. "पंक्चरकाका," तिने हाक मारली. मी ओळखलं नाही. मग तिने गिरणीच्या ओट्याकडे बघितलं आणि मी हातातला पाना खाली ठेवला. थोरली. इस्पितळात आया म्हणून कामाला आहे म्हणाली. घर बघायला आली होती. घर कसलं, छप्पर बसलेलं आणि आत झुडपं.

काकूंनी गिरणी बंद केली. तिला आत घेतलं, स्वतः रांधलं, आणि माळ्यावरून तोच जुना डबा काढून त्यातच तिला वाढलं. मी कडी बघितली, माझीच होती. थोरली शांतपणे जेवली. काकू तिच्या घासाकडे बघत होत्या. सूनबाई दारात उभी होती.

जेवण संपल्यावर काकूंनी विचारलं. मला माहीत होतं त्या विचारणार.

"आता तू मोठी झालीस. आता तरी सांग. सुतारीणच ना?"

थोरलीला आधी कळलंच नाही. "सुतारीणकाकू? त्यांचा डबा कधीच रिकामा नव्हता. त्या घरी नसेल तर उसनं आणून भरायच्या."

"मग कोण?"

"जाऊ दे ना काकू. बऱ्याच जणी होत्या. घरात नव्हतंच कोणाच्या."

"मला नाव पाहिजे. मी मरायच्या आधी मला एक तरी नाव पाहिजे!"

थोरली डब्याचं झाकण हातात फिरवत होती. मग म्हणाली, "एकदा तुमचाही होता."

"माझा?"

"तुम्ही दगड आणायला गेला होतात ना, त्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर ठेवला होता. दुपारी आले तर तिथेच होता, जरा कडेला सरकवलेला. गिरणी बंद होती. मी घरी नेला. आदल्या दिवशीही काही नव्हतं. मग घासून सुतारीणकाकूंच्या पायरीवर ठेवला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच, संध्याकाळीच भरून दिला. पण भुंगीच्या तोंडात घास राहत नव्हता."

मला तो पहाटेचा ओटा आठवला आणि काकूंचा हात. सूनबाई आत निघून गेली.

थोरली उठली, सवयीने डबा उचलून नळाखाली गेली आणि राखेने घासायला लागली. तळ, कडा, झाकणाची खाच. घासू नकोस, असं काकू म्हणाल्या नाहीत. थोरलीने डबा ओट्यावर उपडा घातला, काकूंच्या पाया पडल्यासारखी वाकून त्यांची चप्पल सरळ करून ठेवली, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारीण पोतं डोक्यावर घेऊन निघाली. काकू रस्त्यात उभ्या.

"ठेव ते पोतं," त्या म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं. "मी दळून देते."

सुतारीण थांबली, पण पोतं उतरवलं नाही.

"डबा माझ्याकडून रिकामा आला होता. तुला ठाऊक होतं?"

"होतं की. तुमच्यामागूनच माझी पाळी."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नाहीस? एवढी वर्षं..."

"तुमच्यासाठी नाही हो गप्प बसले," सुतारीण म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही डब्याला पुन्हा हात लावला असतात? तुम्ही अंथरूणच धरलं असतं. आणि मागून आलेल्या पोरांना कोणी जेवू घातलं असतं? या बायकांनी?"

काकूंनी पोत्याला हात घातला. सुतारणीने तो बाजूला केला, रागाने नव्हे, माशी वारावी तसा.

"राहू द्या. मला आता चालायची सवय झाली आहे," असं म्हणून ती टेकडीच्या वाटेला लागली. काकू तिच्या मागे निघाल्या. डोक्याला फडकं तसंच, पायात चप्पलसुद्धा नाही.

त्या दिवशी गिरणी उघडली नाही. दळण घेऊन आलेले लोक मला विचारत होते, काकू कुठे गेल्या. मी सांगत होतो, पलीकडच्या गावी दळायला गेल्या आहेत, आणि लोक हसत होते. संध्याकाळी पोरं खरकटे डबे घेऊन रांगेत बसली, तेव्हा त्या दोघी टेकडी उतरताना दिसल्या. सुतारीण पुढे, काकू मागे. पोतं सुतारणीच्याच डोक्यावर होतं.